"ऑटिझम आहे, म्हणून झोपत नाही" एवढ्यावर ऐकून घेऊ नका

आमच्या पालकांच्या ग्रुपवर रात्री अडीच-तीनलाही कुणी ना कुणी जागं असतं. मूल उड्या मारतंय, खालचे लोक भिंत ठोकतायत, सकाळी डबा करायचाय. आणि बहुतेकींचं शेवटचं वाक्य तेच: "डॉक्टर म्हणाले, या मुलांचं असंच असतं." या वाक्याची मला मनस्वी चीड आहे.

ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ५० ते ८० टक्क्यांना झोपेचा त्रास असतो, असं वेगवेगळे अभ्यास सांगतात. इतकं सर्रास असेल तर पहिल्या भेटीतच विचारायला नको का? स्पीच थेरपीचं टार्गेट ठरतं, ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणूनची थेरपी) ठरतं, आणि चार तास झोपलेल्या लेकराला सकाळी खुर्चीत बसवून "इकडे बघ, इकडे बघ" चालू होतं.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०२० साली याच प्रश्नावर मार्गदर्शक सूचना काढल्या. आधी झोप मोडणारं दुसरं दुखणं किंवा एखादं चालू औषध कारण आहे का ते बघा. मग सवयींवर काम करा. तेवढ्याने भागलं नाही तर मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, औषध म्हणून. आपल्याकडे थेट शेवटच्या पायरीवर उडी असते.

दुखण्याचं तर फार महत्त्वाचं आहे, कारण आपली बरीच मुलं "दुखतंय" म्हणून सांगू शकत नाहीत. बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, वाढलेले टॉन्सिल्स, रात्री येणाऱ्या फिट्स, काहीही असू शकतं. माझा लेक झोपेत सारखे पाय झाडायचा, सकाळी चादर पायथ्याशी गोळा झालेली असायची. सगळे म्हणायचे, चंचलच आहे. हिमोग्लोबिन बरं होतं. फेरिटिन तपासलं तेव्हा शरीरातला लोहाचा साठा कमी निघाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोह सुरू केलं आणि पाय हळूहळू शांत झाले. प्रत्येकाचं कारण हेच असेल असं नाही, पण शोधायला तर हवं!

सवयींबद्दल इंग्रजी पुस्तकं सांगतात, वेगळ्या खोलीत झोपवा, रडलं तरी लगेच जाऊ नका. वन रूम किचनमध्ये हे कसं करायचं? बाबा साडेदहाच्या लोकलने येणार, आजीची मालिका चालू, शेजारची भिंत सामाईक. आपल्या घरात जमणारा एक उपाय मात्र आहे. मूल साडेअकराला झोपत असेल तर नऊपासून अंधारात झटापट करू नका. सुरुवातीला साडेअकरालाच अंथरुणावर न्या. पडल्या पडल्या झोप लागायला लागली की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. सकाळी उठवायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. दात घासणं, शू, पाणी, दिवा बंद अशी चार चित्रं फ्रिजवर लावा आणि रोज त्याच क्रमाने करा. बाबांनी आल्यावर दंगामस्ती करायची नाही, हे बाबांना पटवणं सगळ्यात अवघड!

मेलॅटोनिनच्या मी विरोधात नाही. बऱ्याच मुलांना त्याने लवकर झोप लागते. पण डोस डॉक्टरांनी ठरवायचा, कमीपासून सुरू करायचा. मेलॅटोनिनच्या गमीज (जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या) ऑनलाइन मागवू नका. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ गमीज तपासल्या, त्यांतल्या २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आतलं प्रमाण जुळलं नाही, एकीत तर मेलॅटोनिनच नव्हतं. वजनदार ब्लँकेटवर हजारो रुपये घालण्याआधीही थांबा. मुलाला आवडत असेल तर खुशाल वापरा, पण त्याने झोप वाढते असं चाचण्यांत दिसलेलं नाही.

आणि गुंगी आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध झोपेसाठी देऊ नका, कितीही थकला असाल तरी. जायफळाचंही तेच. बाळगुटीतला सहाणेवरचा एक वेढा वेगळा, आणि "झोपतच नाही" म्हणून रोज वाढवत नेणं वेगळं. जास्त झालं तर जायफळ विषारी ठरतं.

नातेवाइकांना एकच सांगणं. दृष्ट काढायचं सुचवण्याऐवजी शनिवारची एक रात्र मुलाजवळ झोपा, त्याच्या आईला दुसऱ्या घरी झोपू द्या.

पुढच्या भेटीला जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: अंथरुणावर कधी, झोप कधी, रात्री कितीदा उठलं, घोरलं का, शी झाली का. अशी वही समोर ठेवली की डॉक्टरही नीट बोलतात. माझ्या वहीच्या पानाचा फोटो हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.