जेंटी फ्लॉप गेला म्हणून रनिंग बॅक वर घेऊच नये? थांबा जरा राव

रेडर्सचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या लास वेगसच्या टीमचा, 2025चा सीझन संपल्यापासून एक फॉरवर्ड मेसेज फिरतोय, आमच्या फँटसी लीगच्या मराठी ग्रुपवर तर तो वेगवेगळ्या लोकांकडून येतोच आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, दावा असा की रेडर्सनी अॅश्टन जेंटी या रनिंग बॅकला (बॉल हातात घेऊन पळणारा) 2025च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात ते) सहाव्या नंबरला घेणं हा शुद्ध मूर्खपणा होता आणि तो आधीच दिसत होता. कारणं पाच. एक, कॉलेजातले आकडे दुबळ्या टीम्सविरुद्धचे. दोन, बुटका. तीन, फोर्टी (40 यार्डची वेळ लावून मोजलेली दौड) धावलाच नाही म्हणजे स्पीड लपवला. चार, कॉलेजातच इतका पळवला की पाय संपले. पाच, पहिल्या सीझनला कॅरीमागे (एकदा बॉल घेऊन पळणं म्हणजे एक कॅरी) सरासरी चार यार्डही नाही, म्हणजे सिद्धच झालं, रनिंग बॅक पहिल्या फेरीत कधीच घेऊ नये, पाचव्या-सातव्या फेरीत ढिगाने मिळतात.

यात खेळाडू कसा आहे हा एक प्रश्न आणि त्याला कितव्या नंबरला घ्यावा हा दुसरा, दोन्ही एकाच पातेल्यात टाकून ढवळलेत. पहिल्या प्रश्नावर फॉरवर्डवाला साफ चुकलाय, दुसऱ्यावर त्याचं बरंचसं बरोबर आहे पण कारण चुकीचं धरलंय.

सुरुवात दुबळ्या टीम्सपासून. जेंटीची कॉलेज टीम बॉइझी स्टेट तेव्हा माउंटन वेस्ट या छोट्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) खेळायची, तिथले डिफेन्स काही एसईसी या तगड्या कॉन्फरन्ससारखे नव्हते, मान्य. 2024ला जेंटीने 374 कॅरीत 2,601 यार्ड काढले, 29 टचडाउन, म्हणजे कॅरीमागे साधारण सात यार्ड. (बॅरी सँडर्सचा 1988चा एका कॉलेज सीझनचा 2,628चा रेकॉर्ड थोडक्यात राहिला म्हणून जे हळहळतात त्यांना एवढंच सांगतो की सँडर्सने ते 11 मॅचमध्ये केले, बोल गेम (सीझननंतरची खास मॅच) तेव्हा हिशोबात धरत नसत, आणि जेंटीला 14 मिळाल्या. रेकॉर्ड तुटला नाही तेच बरं झालं.) आता हे आकडे फुगलेत का हे बघायचं असेल तर मोठ्या टीमविरुद्ध काय केलं ते बघायचं ना, सगळा सीझन एका फटक्यात कचऱ्यात कसा टाकता? सप्टेंबरमध्ये ओरेगनच्या मैदानावर, जी ओरेगन त्या वर्षी रेग्युलर सीझनला एकही मॅच हरली नाही आणि बिग टेन ही मोठी कॉन्फरन्स जिंकली, तिच्याविरुद्ध 25 कॅरीत 192 यार्ड आणि तीन टचडाउन. बॉइझी 37-34 ने हरली पण त्या रात्री त्याला थांबवायचं कसं हे ओरेगनला कळलेलं नव्हतं.

फॉरवर्डवाला अर्थातच पेन स्टेटची मॅच काढतो. फिएस्टा बोल, 30 कॅरीत 104 यार्ड, वर फंबल (बॉल हातातून निसटणं) झालं ते वेगळंच. खरं आहे, वाईट मॅच होती. पण ती मॅच नुसती स्कोअरकार्डवर न बघता स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी थांबवून बघा, पेन स्टेटने समोर माणसं अशी दाटीवाटीने उभी केलीत की बॉल हातात पडायच्या आत बॅकफिल्डमध्ये, म्हणजे लाइनच्या (समोर अडवून वाट काढून देणाऱ्या पाच जणांच्या) मागे, कुणीतरी घुसलेलं असतं. त्यातून मला जे दिसतं ते असं की लाइन मोडली की हा पोरगा एकट्याने मॅच फिरवत नाही, तीन-साडेतीन यार्डवर येतो. हे लक्षात ठेवा, पाचव्या मुद्द्यात परत लागणार आहे.

आणि छोट्या कॉन्फरन्सचाच हिशोब लावायचा तर मार्शल फॉक सॅन डिएगो स्टेटचा, लाडेनियन टॉमलिन्सन टीसीयूचा, जे तेव्हा डब्ल्यूएसी या छोट्या कॉन्फरन्समध्ये खेळायचे. एक दुसऱ्या नंबरला गेला, दुसरा पाचव्या, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. उलटं उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं सांगतो. त्याच सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री, करिअरचे 6,405 यार्ड, ईगल्सनी 2017ला चौथ्या फेरीत घेतला आणि एनएफएलमध्ये टिकलाच नाही. मग फॉक आणि पम्फ्रीत फरक कसा ओळखायचा?

तर इथे खरं काम सुरू होतं, आणि फॉरवर्डमध्ये याच्याबद्दल अक्षर नाही. एकूण यार्ड हा आकडा पाच लाइनमन, टाइट एंड (लाइनच्या शेजारी उभा राहून ब्लॉक आणि कॅच दोन्ही करणारा), प्लेकॉल (कोचने ठरवलेली चाल) आणि समोरच्या डिफेन्सचा मिळून असतो, त्यातले रनिंग बॅकचे स्वतःचे किती ते वेगळे काढावे लागतात. त्यासाठी सगळ्यात उपयोगी मोजमाप म्हणजे पहिला धक्का लागल्यानंतर काढलेले यार्ड. कबड्डीत पाय पकडला गेल्यावरही जो चढाईपटू लोळत-ओढत मधल्या रेषेला हात लावतो ना, तसले यार्ड. प्रो फुटबॉल फोकस या आकडेवारी ठेवणाऱ्या कंपनीच्या मोजणीत जेंटीचे असे यार्ड 1,900 च्या वर होते. त्या सीझनला देशात दुसऱ्या नंबरला अॅरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटबो होता, त्याचे धक्क्याआधीचे-नंतरचे सगळे मिळून 1,711. म्हणजे लाइनने काढून दिलेला भाग पूर्ण वजा केला तरी जेंटी पहिलाच येतो! दुबळा डिफेन्स म्हणा, टॅकल हुकणारी पोरं म्हणा, एवढी तफावत नुसत्या शेड्यूलमधून येत नाही.

फिल्म बघताना मी स्वतः आधी मोठ्या रन बघतच नाही. 70 यार्डची रन कुणालाही आवडते, पण त्यात बऱ्याचदा भोक एवढं मोठं असतं की मीसुद्धा दहा यार्ड पळालो असतो. मी बघतो दोन-तीन यार्डच्या रन, जिथे प्ले फसलाय. जेंटीच्या तसल्या रनमध्ये दिसतं काय, तर गार्ड मागे ढकलला जातोय, लाइनबॅकर आत घुसलाय, आणि हा खांदा थोडा फिरवतो, गुडघे खाली, मारा मांडीवर घेतो आणि पाय चालूच. लॉस जायचा तिथे दोन यार्ड मिळतात. दुसरं बघायचं ते थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) ब्लिट्झ (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जादा माणसांची धाड) आला की हा कुणाला अडवतो. कॉलेजात बॅकला हे फार कमी शिकवतात आणि एनएफएलमध्ये कोच ह्याच गोष्टीवरून बेंचवर बसवतात, कारण तिकडे क्वार्टरबॅकचा खांदा गेला तर सीझन गेला. जेंटीची साइज असलेल्या माणसाच्या मानाने तो अंगावर जाऊन ब्लॉक करतो, नुसता पायात लोळण घेत नाही. तिसरं, कॅचिंग. 2024चे 23 कॅच बघून लोक म्हणाले रिसीव्हर म्हणून साधारण, अरे पण 2023ला त्याने 43 कॅच, 569 यार्ड केले होते, पुढच्या वर्षी 374 वेळा पळवल्यावर पासेस कुठून उरणार?

बुटकेपणा. कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या मोजमाप आणि चाचण्यांना) माप निघालं 5 फूट साडेआठ इंच आणि 211 पौंड, म्हणजे जवळपास 96 किलो. उंची कमी असणं आणि लहान असणं यात फरक आहे हो. पम्फ्री तेवढाच उंच पण 176 पौंडांचा होता. फॉक आणि पम्फ्रीत फरक कसा ओळखायचा याचं अर्धं उत्तर यातही आहे. बॅरी सँडर्स 5 फूट 8, मॉरिस जोन्स-ड्रू 5 फूट 7. खाली राहिलेला जड माणूस पाडायला जास्त अवघड, विषय संपला.

फोर्टी धावला नाही हे खरं, कंबाइनला तो टेस्टिंगला उतरलाच नाही. टॉपला जाणारे बरेच जण हेच करतात, एजंट सांगतात की कमवायला काही नाही, गमवायला बरंच आहे. ते सोडा, 40 यार्ड सरळ रेषेत मोकळं पळायला रनिंग बॅकला मॅचमध्ये मिळतं किती वेळा? कायरन विल्यम्स फोर्टी 4.65 सेकंदांत धावला, पाचव्या फेरीत गेला, 2023ला रॅम्ससाठी 12 मॅचमध्येच 1,144 यार्ड. लेव्हिऑन बेल 4.60, आणि तो लाइनच्या मागे थांबून थांबून वाट बघायचा ते आठवा. दुसरीकडे केंट स्टेटचा ड्राय आर्चर 4.26 धावला, स्टीलर्सनी तिसऱ्या फेरीत घेतला, काहीच झालं नाही. ख्रिस जॉन्सन 4.24 धावला आणि 2009ला 2,006 यार्ड काढले, तेही खरं. म्हणजे स्पीड असला तर छान, पण फोर्टीवरून बॅक कळत नाही.

पाय संपले हा मुद्दा दिसायला शहाणा आहे म्हणून जास्त पसरतो. जेंटीच्या तीन वर्षांच्या कॅरी 156, 220, 374, बेरीज 750. विस्कॉन्सिनच्या जोनाथन टेलरच्या तीन वर्षांच्या 926 होत्या, तेव्हाही हेच ऐकलं होतं, कोल्ट्सनी 41व्या नंबरला घेतला आणि 2021ला 1,811 यार्डसह तो लीगमध्ये पहिला आला. डेरिक हेन्री तर अॅलाबामाला 2015 या एकाच सीझनला 395 वेळा पळाला, शिवाय हायस्कूलला 12,000 च्या वर यार्ड काढून आलेला, आणि तो माणूस वयाच्या तिशीत, 2024ला, रेव्हन्ससाठी 1,921 यार्ड काढतो. सगळेच हेन्री नसतात, पण एकट्या एकवीस वर्षांच्या पोराच्या कॅरी मोजून भविष्य सांगणाऱ्यांनी आधी ही दोन नावं कुठे बसवायची ते सांगावं.

आता पाचवा, ज्याच्यावर सगळ्या फॉरवर्डचा डोलारा आहे. पहिल्या सीझनला हजाराच्या थोडे आत यार्ड, सरासरी चारच्या खाली. आकडे बरोबर आहेत. पण 2024ला, म्हणजे जेंटी यायच्या आधी, रेडर्सचा रनिंग गेम लीगमध्ये शेवटचा होता, मॅचमागे 80 यार्डही नाहीत. ती लाइन नीट करायला त्यांनी ड्राफ्टमध्ये काय केलं? तिसऱ्या फेरीत 98 आणि 99व्या नंबरला दोन लाइनमन. मग चौथ्या आठवड्यातली शिकागोविरुद्धची मॅच घ्या. तोपर्यंत कोचनी त्याचा स्टान्स बदलून वाकायला लावलं होतं, त्या दिवशी तो परत कॉलेजातल्यासारखा ताठ, हात खाली सोडून, बस स्टॉपवर उभा असल्यासारखा उभा राहिला, आणि 138 यार्ड, त्यात 64 यार्डची एक टचडाउन रन, वर कॅच करून अजून दोन टचडाउन. आणि त्याच मॅचमध्ये लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा लाइनमन) कोल्टन मिलरचा घोटा गेला! लाइनमधला एकमेव भरवशाचा माणूस बाहेर. पुढे ऑफेन्सचा कोच चिप केली मध्येच काढला, सीझन 3-14 वर संपला, मुख्य कोच पीट कॅरोलही एका वर्षात घरी. यातलं किती जेंटीच्या खात्यावर मांडायचं? तरी त्याने 50 च्या वर कॅच घेतले हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

लाइनने काय फरक पडतो हे बघायला सकॉन बार्कली पुरेसा आहे. 2023 जायंट्सकडे 962 यार्ड, सरासरी 3.9, लोक म्हणाले संपला. 2024 ईगल्सकडे, समोर मायलाटा, डिकरसन, लेन जॉन्सन, 2,005 यार्ड, सरासरी 5.8, आणि सुपर बोल. 2025ला त्याच लाइनमधली माणसं जखमी झाली आणि बार्कलीची सरासरी परत खाली आली. तिन्ही वर्षं माणूस तोच.

म्हणजे रेडर्सचं बरोबर होतं? नाही, माझ्या मते नव्हतं, पण खेळाडूमुळे नाही. ड्राफ्टमध्ये पगार नंबरवर ठरतो, पोझिशनवर नाही. सहाव्या नंबरला जेंटीला चार वर्षांचे साडेतीन कोटी डॉलरच्या वर मिळाले, एकही स्नॅप न खेळता तो लीगमधल्या महागड्या बॅकमध्ये जाऊन बसला. सिद्ध झालेला बार्कली ईगल्सना बाजारातून तीन वर्षांसाठी पावणेचार कोटींच्या आसपास मिळाला होता, हेन्री रेव्हन्सना दोन वर्षांसाठी 1.6 कोटींत. तोच सहावा नंबर टॅकलवर खर्च केला तर उलटं होतं, चांगला टॅकल बाजारात घ्यायला गेलात तर वर्षाला दोन कोटींच्या वर मोजावे लागतात, म्हणजे रुकी (ड्राफ्टमधून नवा आलेला) टॅकल स्वस्तात पडतो आणि रुकी बॅक जवळपास बाजारभावातच.

पण यावरून "पहिल्या फेरीत कधीच नाही" हे निघत नाही. 2023ला लायन्सनी जमीर गिब्सला 12व्या नंबरला घेतलं तेव्हा केवढं हसले होते लोक. त्यांच्याकडे सूअल, रॅगनाउ, डेकर हे लाइनमन आधीच बसलेले होते, भिंत उभी होती, मग बॅक घेतला. 2024ला गिब्सचे 1,412 यार्ड रनिंगचे आणि एकूण 20 टचडाउन. आणि चीफ्सना सातव्या फेरीत मिळालेल्या पचेकोचं नाव घेणाऱ्यांनी सातव्या फेरीत गेलेल्या बाकीच्या बॅकची नावंही सांगावीत, आठवतात का बघू.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोची मंडळी मला शिव्या देतील, जेंटी तिथल्या लोन स्टार हायस्कूलचा, आपल्यातल्या कित्येकांची पोरं त्याच गावातल्या शाळांत जातात, त्यामुळे तिकडे तो घरचाच. पण त्या रात्री रेडर्सच्या जागी मी असतो तर टॅकल घेतला असता. जेंटीच्या लगेच पुढच्या नंबरला, सातव्याला, जेट्सनी मिझुरीचा आर्मंड मेम्बू उचलला. तो घ्यायचा, आणि बॅकसाठी चौथ्या फेरीपर्यंत थांबायचं. 1,711 यार्डवाला स्कॅटबो तिथे 105व्या नंबरला जायंट्सना मिळाला की.