आम्रखंडाचं झाकण

आमच्याकडे श्रीखंडाचा डबा संपला की झाकण कुठे गेलं, असं आता कुणी विचारत नाही. बायको सरळ माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत हात घालते.

सुरुवात तारकर्लीला डायव्हिंग शिकलो तेव्हा झाली. टॉर्चच्या उजेडात लालभडक दिसलेला स्पंज मी टॉर्च बंद करून हौसेने टिपला. घरी येऊन पाहतो तर फोटोत काळं पडलेलं वांगं. पाणी पहिल्यांदा लाल रंगच गिळतं. पाच-सहा मीटर खाली गेलात की तांबडा जवळजवळ संपतो आणि उरतो नुसता हिरवा-निळा गाळ. म्हणून आपला सूर्य आपणच घेऊन जायचा. पाण्याखालच्या या फ्लॅशला स्ट्रोब म्हणतात. एक घेतला तर माशाची एक बाजू दिसते आणि दुसरीकडे अमावस्या, म्हणून दोन घ्यायचे. दोघांना दोन दांडे, दांड्यांना सांधे, सांध्यांना क्लॅम्प. सगळं जोडून हातात धरलं की माणूस फोटोग्राफर कमी आणि नांग्या पसरलेला खेकडा जास्त दिसतो.

एवढं झाल्यावर थांबलो असतो. पण एका जुन्या डायव्हर मित्राने विचारलं, "डिफ्यूजर कुठला घेतलास?" मी गप्प. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सत्यनारायणाला बसलोय आणि सुपारी विसरलोय.

डिफ्यूजर म्हणजे स्ट्रोबच्या तोंडावर बसवायचा दुधी प्लास्टिकचा तुकडा. उघड्या स्ट्रोबचा झोत मधोमध पडतो आणि वाइड लेन्स लावली तर कडा अंधारात राहतात. डिफ्यूजरने उजेड पसरतो. बदल्यात तो साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातो. आधी महागाचा उजेड विकत घ्यायचा, मग त्यातला निम्मा अडवायला वेगळे पैसे मोजायचे! त्यात सपाट की घुमटासारखा? पांढरा की वॉर्म? वॉर्म म्हणजे पिवळसर, त्याने मासा उबदार आणि मागचं पाणी जास्त निळं दिसतं म्हणे. आमचं मालवणचं पाणी मुळात हिरवं, ते निळं कुठून होणार? तीन आठवडे मी यावर विचार केला. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला एवढा वेळ घेतला नव्हता, हे बायकोचं निरीक्षण.

शेवटी तोडगा फ्रिजमध्येच सापडला. श्रीखंडाचं झाकण दुधी पांढरं आणि आम्रखंडाचं पिवळं. साधा डिफ्यूजर आणि वॉर्म डिफ्यूजर, दोन्ही घरचे! तारेच्या घासणीने वरची छपाई घासली, रबरबँड लावला आणि रात्री गच्चीवरच्या निळ्या पिंपात चाचणी घेतली. मासा म्हणून तळाशी टोमॅटो, पोटात दगड भरून बुडवलेला. चार फ्लॅश उडाले आणि खालच्या मजल्यावरचे काका टॉर्च घेऊन वर आले. त्यांना वाटलं, टाकीच्या मोटारीचं शॉर्टसर्किट झालं. पिंपात डोकं खुपसून बसलेला मी आणि तळाशी टोमॅटो, एवढं पाहून ते काही न बोलता खाली गेले. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

पण फोटो काय सुंदर आला होता! टोमॅटोच्या देठावरची लव दिसत होती.

यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पिंपात नळाचं पाणी होतं.

मालवणला बोटीतून उडी मारली तेव्हा जेमतेम तीन मीटरवरचं दिसत होतं. एका कपारीत गोबरा मासा बसलेला, खालचा ओठ पुढे काढून, पेन्शनच्या रांगेतल्या माणसासारखा. दीड मीटरवरून मी दोन्ही स्ट्रोब त्याच्यावर रोखले आणि धडाधड वीस फोटो काढले. तेवढ्यात उजव्या स्ट्रोबचा रबरबँड सुटला. पिवळं झाकण डुलत डुलत वर निघालं. गोबऱ्याने तेवढ्यापुरतं माझ्याकडे लक्ष दिलं.

वर आलो तर बोट चालवणारा तांडेल झाकण हातात घेऊन बसलेला. कडेला घासणीतून वाचलेली दोन अक्षरं त्याने वाचली होती.

"तुमचां आम्रखंड वर इलां," तो म्हणाला.

मी त्याला स्क्रीनवर फोटो दाखवला. त्याने डोळे बारीक केले. "गोबरो बरो दिसता. पन ह्यो पाऊस खंयसून इलो?"

खरंच, फोटोभर पांढरे ठिपके. याला बॅकस्कॅटर म्हणतात. आंबोली घाटात दाट धुक्यात अपर मारा, रस्ता दिसत नाही, पांढरी भिंत दिसते. तेच. लेन्स आणि मासा यांच्यामधला गाळ मी स्वखर्चाने उजळला होता. डिफ्यूजरने झोत आणखी रुंद झाला, म्हणजे गाळ आणखी उजळला. तीन आठवडे, दोन झाकणं आणि एक टोमॅटो खर्चून मी पाऊस पाडला.

आपल्याआधीही लोकांनी उजेडासाठी जीव धोक्यात घातलाय, एवढंच समाधान. 1926 साली फ्लोरिडाजवळ शास्त्रज्ञ लाँगली आणि फोटोग्राफर मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, तोही माशाचाच. वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून! त्यांच्या खालच्या मजल्यावर काका नव्हते.

दुसऱ्या बुडीला उरलेलं पांढरं झाकण काढून खिशात टाकलं. दांडे लांब पसरले, स्ट्रोब कॅमेऱ्याच्या मागे ओढून तोंडं थोडी बाहेर फिरवली, म्हणजे झोताची नुसती कड माशाला लागते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. आणि गोबऱ्याच्या इतका जवळ गेलो की तो मागे सरकला. एक फोटो बरा आला. नाकावरचे ठिपके गाळाचे नाहीत, त्याचे स्वतःचेच आहेत.

निघताना मी आम्रखंडाचं झाकण मागितलं. तांडेलाने ते चहाच्या स्टीलच्या पेल्यावर ठेवलं होतं. अगदी मापात बसलं होतं.

"ह्यां माझ्याकडे ऱ्हवांदे," तो म्हणाला. "चायवर झाकूक बरां."