ताट खाली ठेवून ती निघून गेली

घरी येऊन तीन तास झाले, तरी राग उतरत नाहीये. म्हणून लिहिते.

दर गुरुवारी संध्याकाळी सरकारी दवाखान्याबाहेर आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे खिचडी वाटतो. आज रांगेत बडवानीकडची एक बाई होती. नवरा आत भरती, कडेवर लेकरू. तिच्या हातात ताट आलं आणि आमच्याच तरुण संघातल्या एका मुलाने मोबाईल वर केला. मागे भला मोठा बॅनर. 'दीदी, इधर देखो.' तिने पदर पुढे ओढला, ताट फुटपाथवर ठेवलं आणि निघून गेली. मी मागे धावले, पण फाटकावरच्या गर्दीत ती सापडली नाही. लेकरासकट उपाशी गेली असेल.

माझी आजी मूळची नगरची, लग्न होऊन इंदूरला आलेली. रामबागेत आमच्या खालच्या खोलीत एक काकू राहायच्या, एकट्या, कडक सोवळ्याच्या. त्यांचा पाय मोडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमच्या हातचं त्यांना चालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आजीने काय करावं? समोरच्या ब्राह्मणाच्या मुलाला पकडून पाणी भरायला लावलं. स्वतः रोज सकाळी कोरडा शिधा न्यायची, तांदूळ, डाळ, एखादी भाजी. मग उंबऱ्याबाहेर बसून गप्पा मारायची. काकू खाटेवर बसून समोरच्या स्टोव्हवर आपलं आपण शिजवायच्या. त्यांचं जेवण होईपर्यंत आजी उठायची नाही.

शौचाचं भांडं मात्र आजीने उचललेलं चालायचं. हे मला आजही सहन होत नाही. तेव्हा तर मी पाय आपटून भांडले होते. आजी म्हणाली, "तिला जेवायचंय गं. माझ्याच हातचं जेवावं, असं थोडंच आहे?"

त्या सात महिन्यांचा एकही फोटो नाही.

आपल्या प्रभू येशूने शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाची, गोष्ट सांगितली ती कशासाठी? वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमा त्या शोमरोन्याने बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर घातलं, उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले आणि तो शोमरोनी आपल्या वाटेने गेला. जखमी माणसाला उभं करून 'इकडे बघ' म्हणाला नाही! लहानपणापासून रविवारच्या शाळेत हीच गोष्ट पाठ करतो ना आपण?

हो, फोटो पाहून लोक पैसे देतात. गेल्या महिन्यातला तांदूळ तसाच आला, कबूल. मग पातेल्याचा फोटो काढा, तांदळाच्या पोत्याचा काढा.

त्यात तोच फोटो ग्रुपवर गेला आणि शाळेतल्या एका मैत्रिणीने खाली लिहिलं, 'एका ताटामागे किती बाटवता?' चाळीस वर्षांची ओळख आहे आमची. माझ्या घरी दिवाळीचा फराळ तिच्याकडून येतो. बाई गं, 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयांत आलेली किती तरी लेकरं ख्रिस्ती म्हणूनच वाढली, ते मी नाकारत नाही. पण पोटासाठी बाटले हे ऐकतच आमच्या चार पिढ्या गेल्या. काकूंना आजीने काय बाटवलं? सोवळं सांभाळूनच गेल्या त्या. शेवटपर्यंत आमच्याकडचा घोटभर चहा घेतला नाही त्यांनी, आणि आजी शेवटपर्यंत जात राहिली.

आणि सिस्टर राणी मारिया? आम्ही प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक, पण आमच्या घरात त्यांचं नाव आदराने घेतात. उदयनगरच्या आदिवासींना त्या सावकाराच्या विळख्यातून सोडवायला बघत होत्या, बँकेच्या कर्जाची वाट दाखवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येताना त्यांना बसमध्ये भोसकलं, खाली ओढून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 2017 मध्ये इथे इंदूरलाच त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं, तेव्हा मी त्या गर्दीत उभी होते. बँकेचा फॉर्म भरायला शिकवणाऱ्या बाईला मारतात, आणि विचारतात, बदल्यात काय घेता!

आता जरा शांत झालेय. मघाशी त्या मुलाचा फोन आला होता. रडत होता. बावीस वर्षांचा आहे, पहाटे पाचला उठून डाळ-तांदूळ निवडतो, सिलिंडर तोच उचलतो. त्याला वाटलं होतं, फोटो पाहून आणखी पोरं येतील. सगळ्यांसमोर त्याला बोलायला नको होतं मी. पण जे बोलले ते मागे घेणार नाही.

बाळा, हे वाचशील तर ऐक. बॅनर माझ्याकडे आहे, तो मागू नकोस. उद्या सकाळी माझ्याबरोबर वॉर्डाबाहेर चल. ती बाई दिसली तर आधी नवऱ्याची तब्येत विचारू. आणि डबा मी घरून आणते, दोघांपुरता, लेकराला थोडा मऊ भात वेगळा.