इनकॉग्निटो ठीक, पण राउटरचं काय?
ऑनलाइन खाजगीपणावरच्या तुमच्या लेखात इनकॉग्निटो मोडचा, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोचा, गैरसमज खोडून काढलाय ते फार बरं केलं, आमच्या जुळे सोलापुरात बऱ्याच जणांना वाटतं ती विंडो उघडली की आपण कुणालाच दिसत नाही. तसं नाहीये ओ, फक्त आपल्या फोनात हिस्ट्री राहत नाही, नेटवाल्या कंपनीला आपण कुठल्या साइटवर गेलो ते कळतंच.

पण राउटरबद्दल, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या डबीबद्दल, एक ओळही नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने वायफायचा पासवर्ड म्हणून आमचाच मोबाईल नंबर टाकला आणि राउटरच्या आतल्या सेटिंगचा आधीपासून असलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड तसाच ठेवला, दोन वर्षं आम्हाला पत्ताच नाही, शेवटी भाचीने बसून दोन्ही बदलले, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करून दिलं, दहा मिनिटांचं काम होतं.

आणि आधारचा फोटो कुणाला पाठवायचाच असेल तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो. आईला मी हेच शिकवलंय, शिवाय भजनाच्या अ‍ॅपने लोकेशन, कॉन्टॅक्ट मागितले की नाही म्हणायचं, भजनं तरी वाजतातच.

खाजगीपणा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २०१७ लाच एकमताने सांगितलंय, तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत हे साध्या मराठीत पोचत नाही याचं खरंच वाईट वाटतं. राउटरवर पुढचा लेख लिहाच, सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकतो.