‘पैसे घेताना विमा, देताना नियम’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी तुमच्या क्लेमची फाइल समोर ठेवून पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्यामार्फत तुम्ही क्रिप्टोच्या नुकसानीसाठी वर्षभराचं कव्हर घेतलं, वॉलेटमधले सगळे स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेली क्रिप्टो नाणी) चोरीला गेले, क्लेम फेटाळला गेला, आमच्याकडून ११ दिवस साधी पोचही आली नाही, आणि ज्यांच्या खिशातून पैसे जाणार तेच लोक क्लेमवर मतदान करत असतील तर न्याय कसला मिळणार. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पैसे घेताना विमा, देताना नियम.’

आधी माझ्या चुका. आमच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘तुमच्या क्रिप्टोचा विमा’ असं लिहिलं होतं. ते लिहायलाच नको होतं. आम्ही मिळवून देतो ते एका म्युच्युअलचं कव्हर असतं. सभासद आपापलं भांडवल एका सामायिक निधीत टाकतात आणि नुकसान झालं तर त्यातून भरपाई देतात. ती द्यायची की नाही हे सभासदच ठरवतात. विमा कंपनीवर जशी कायद्याची सक्ती असते, वर दाद मागायला लोकपाल असतो, तसं इथे काही नाही. म्हणूनच या क्षेत्रातली नेक्सस म्युच्युअलसारखी जुनी संस्थासुद्धा ‘कव्हर’ हाच शब्द वापरते. हे मला पुरतं माहीत असताना ‘विमा’ हा शब्द मी पानावर राहू दिला, कारण तो लोकांना पटकन कळतो. आज तो काढला आहे. ११ दिवसांच्या मौनाला तर काहीच सबब नाही. पैसे गेलेला माणूस एकेक तास मोजत असतो. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.

आता क्लेमबद्दल. तुमच्या वॉलेटचा पत्ता आणि रक्कम मी इथे लिहिणार नाही, पण काय घडलं ते इतरांनाही कळायला हवं. ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, त्या दिवशीच्या दोन ओळी आहेत. पहिली तुमच्या वॉलेटमधून गेलेली ‘अप्रूव्ह’ची. तिच्यात रकमेच्या जागी ‘एफ’ हे अक्षर (सोळाच्या पद्धतीतला सगळ्यात मोठा अंक) सलग ६४ वेळा आहे. हा आकडा दशमान पद्धतीत लिहिला तर ७८ अंकी होतो. त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्या पत्त्याला तुमच्या त्या नाण्यातून हवं तेवढं, हवं तेव्हा काढून घ्यायची मुभा दिली. चार मिनिटांनी दुसरी ओळ आहे, ‘ट्रान्सफरफ्रॉम’ची, म्हणजे ती मुभा वापरून नाणी उचलल्याची. तिचा गॅससुद्धा (व्यवहाराचं शुल्क) चोराच्या पत्त्यावरून भरलेला आहे. तुमचं कव्हर ज्या कर्जाच्या प्रोटोकॉलवर (क्रिप्टो कर्जाने द्यायच्या-घ्यायच्या स्वयंचलित व्यवस्थेवर) होतं, त्याच्या कॉन्ट्रॅक्टचा (ती चालवणाऱ्या कोडचा) या दोन्ही ओळींत कुठेही संबंध येत नाही. तो बिघडला नव्हता, फुटला नव्हता. फसवलं गेलं ते तुम्हाला, एका खोट्या टोकनवाटपाच्या (फुकट क्रिप्टो नाणी देण्याच्या) पानावर.

हे मूर्खपणामुळे झालं असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये नेक्सस म्युच्युअलचे संस्थापक ह्यू कार्प यांच्या बाबतीतही असंच काहीसं झालं. हल्लेखोराने त्यांच्या संगणकात शिरून ब्राउझरमधलं मेटामास्क हे वॉलेट बदललं. हार्डवेअर वॉलेट (सही करायचं वेगळं उपकरण) हाताशी असूनही भलत्याच व्यवहारावर त्यांची सही गेली आणि नेक्ससचे ३,७०,००० एनएक्सएम टोकन गेले. तेव्हाच्या भावाने ते सुमारे ८० लाख डॉलर होते. म्युच्युअलच्या निधीला धक्का लागला नाही, कारण गेलं ते त्यांचं वैयक्तिक होतं.

मग असं नुकसान या कव्हरमध्ये का घेत नाहीत? यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे आणि प्रत्येक वेळी एकाच भिंतीशी येऊन थांबते. कॉन्ट्रॅक्टमधल्या त्रुटीमुळे पैसे गेले तर ते साखळीवर (ब्लॉकचेनवर) सगळ्यांना दिसतं. त्या प्रोटोकॉलमधल्या शेकडो लोकांचे एकदम जातात, कुठल्या फंक्शनमधून गेले तेही सापडतं. फेब्रुवारी २०२० मध्ये बीझेडएक्स या कर्जाच्या प्रोटोकॉलवर हल्ला झाला, त्यानंतर नेक्ससने आपले पहिलेवहिले क्लेम दिले ते याच पद्धतीने तपासून. मार्च २०२३ मध्ये ऑयलर या तशाच प्रोटोकॉलमधून सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलर गेले. त्याच्या कोडचे तर अनेक ऑडिट झालेले होते. तिथेही कव्हरधारकांना भरपाई मिळाली. पण एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये सहीनिशी गेलेले पैसे साखळीवर सगळे सारखेच दिसतात. ते चोराने नेले, की मालकाने आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून क्लेम लावला, हे कुणालाही सांगता येत नाही. असे क्लेम मान्य व्हायला लागले तर निधी महिनाभरही टिकणार नाही, आणि ज्याचं खरोखर नुकसान झालंय त्याच्यासाठी काही उरणार नाही. तुम्ही खोटं बोलताय असं मला एक क्षणही वाटलं नाही. पण ते सिद्ध करता येत नाही, ही अडचण आहे.

मतदानाबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. एखाद्या प्रोटोकॉलच्या कव्हरमागे ज्या सभासदांनी आपले टोकन तारण म्हणून लावलेले असतात, त्यांचं क्लेम मंजूर होताच थेट नुकसान होतं. हितसंबंध उघड आहेत. दुसरी बाजू अशी, की खरे क्लेम नाकारणाऱ्या म्युच्युअलकडून पुढे कव्हर कोण घेणार? आणि कव्हर खपलं नाही तर त्या टोकनांना किंमत काय राहणार? हा अंकुश आहे, पण पुरेसा आहे असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. कव्हर देणाऱ्याचाच कोड सुरक्षित असतो असंही नाही. डिसेंबर २०२० मध्येच ‘कव्हर प्रोटोकॉल’ नावाच्या, कव्हर देणाऱ्याच एका प्रकल्पाच्या स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टमधल्या त्रुटीमुळे कुणीतरी अमाप टोकन छापले, आणि पुढच्या वर्षी तो प्रकल्प बंद पडला. हे सगळं कव्हर घ्यायच्या आधी ग्राहकाला ठाऊक असायला हवं. आम्ही ते अटींच्या नवव्या कलमात टाकलं होतं, जे कुणी वाचत नाही.

ते आता बदललं आहे. पैसे भरायच्या आधी एक पान येईल. सीड फ्रेज (वॉलेट उघडायचे गुप्त शब्द) चोरीला गेली, चुकीच्या व्यवहारावर सही झाली किंवा नाण्याचा भाव पडला, तर या कव्हरमधून काहीही मिळणार नाही, असं त्यावर ठळक लिहिलं आहे. ते वाचून कुणी खरेदी सोडून गेलं तरी चालेल.

तुमच्या क्लेमची रक्कम मी देऊ शकत नाही, तो अधिकार माझ्याकडे नाही. नवा पुरावा असेल तर पुन्हा क्लेम करायचा हक्क तुम्हाला आहे, कागदपत्रं मी स्वतः लावून देईन, पण या दोन ओळी तशाच असताना निकाल बदलेल अशी आशा दाखवणं बरोबर नाही. मात्र तुम्ही भरलेला पूर्ण प्रीमियम आणि आमचं शुल्क मी परत करते आहे. प्रीमियम निधीत गेलेला असल्याने तो तिथून काढता येत नाही, ते पैसे आमच्या खात्यातून येतील. अभिप्राय काढा किंवा तारे वाढवा असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. ती ६४ ‘एफ’ची परवानगी सकाळी मी पाहिली तेव्हाही चालूच होती. त्या वॉलेटमध्ये ते नाणं पुन्हा आलं की पुन्हा उचललं जाईल. म्हणून परताव्याची रक्कम मी त्या पत्त्यावर पाठवलेली नाही. आधी परवानगी रद्द करा, नवं वॉलेट काढा आणि त्याचा पत्ता तुमच्या आमच्याकडच्या खात्यात लॉग इन करून कळवा. या उत्तराखाली किंवा मेसेजमध्ये कुणी परताव्याची लिंक पाठवली, सीड फ्रेज विचारली, तर तो माणूस आमचा नाही. तिथे कशावरही सही करू नका.