पेशींवरचे प्रयोग निरुपयोगी आहेत का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर काहीही ओतलं तरी त्या मरतात, मीठसुद्धा. त्यामुळे अशा प्रयोगांचा हवाला देऊन प्रिझर्वेटिव्हची भीती घालू नये. शिवाय सगळ्या प्रिझर्वेटिव्हच्या सुरक्षित मर्यादा ठरलेल्या आहेतच.

मिठाने पेशी मरते हे खरं. पण ती मरते कारण तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी मेली का, एवढ्यावर प्रयोग संपत नाही. कशाने मेली, तिचं पटल (बाहेरचं पातळ आवरण) फाटलं की डीएनए बिघडला, हे त्यातून कळतं. बशीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. पण बशी नेहमी धोका फुगवूनच दाखवते असं तुम्ही धरून चाललात, ते मला पटत नाही.

सोडियम बेंझोएट या प्रिझर्वेटिव्हच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. आंबट पदार्थात त्याचं बेंझोइक आम्ल होतं, ते यीस्टच्या पेशीत सहज शिरतं आणि आतली आम्लता वाढवतं. ती आवरण्यातच यीस्टची ऊर्जा संपते. आपल्या पोटात गेलेलं बेंझोएट मात्र यकृतात पोचतं, तिथे त्याला ग्लायसीन जोडलं जातं आणि हिप्युरिक आम्ल होऊन ते लघवीवाटे निघून जातं. युरोपीय मर्यादा दररोज शरीराच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमची आहे. युरिया चक्राच्या (शरीर अमोनियाचा युरिया करतं त्या प्रक्रियेच्या) जन्मजात विकारांत रक्तातला अमोनिया उतरवायला डॉक्टर आपल्या देखरेखीखाली हेच रसायन दररोज किलोमागे 250 मिलिग्रॅमच्या आसपास देतात. बशीत यकृत नसतं, म्हणून तिथे बेंझोएट जास्त घातक दिसतं.

आता टिकवलेल्या मांसात प्रिझर्वेटिव्ह म्हणून घातलेलं नायट्राइट पाहा. इथे गोष्ट उलटी आहे. जठरातल्या आम्लात नायट्राइटपासून बनणारे घटक अमाइन्सना (अन्नातल्या नायट्रोजनयुक्त संयुगांना) भेटले की नायट्रोसमाइन नावाची संयुगं तयार होतात. यातले बरेचसे जसेच्या तसे डीएनएला हात लावत नाहीत. यकृतातली एन्झाइम्स त्यांची मोडतोड करतात, आणि त्यातून निघणारा तुकडा ग्वानीनला, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला, मिथाइल गट (एक छोटा रासायनिक तुकडा) चिकटवतो. असं ग्वानीन पुढच्या प्रतीत चुकीची जोडी लावतं, म्हणजे उत्परिवर्तन, डीएनएच्या मजकुरातला बदल. पेशीकडे दुरुस्तीसाठी एमजीएमटी नावाचं प्रथिन असतं, पण त्याचा एक रेणू एकच दुरुस्ती करतो आणि निकामी होतो. ज्या पेशींत ती एन्झाइम्स नाहीत, त्यांच्यावर नायट्रोसमाइन ओतलं तर फारसं काही दिसणार नाही. म्हणजे बशी धोका लपवतेही! 1956 साली मॅगी आणि बार्न्स या संशोधकांना डायमिथाइलनायट्रोसमाइन या एका नायट्रोसमाइनमुळे उंदरांच्या यकृतात गाठी झालेल्या दिसल्या, त्या अख्ख्या प्राण्यात. आणि 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत, टाकलं, तेव्हा मुख्य आधार माणसांच्या पाहण्यांचा होता. नायट्राइट सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. बोट्युलिझमचा (अन्नातून होणाऱ्या एका विषबाधेचा) जंतू ते रोखतं, आणि तो आजार जीव घेतो. सोबत क जीवनसत्त्व असलं तर नायट्रोसमाइन कमी बनतात, म्हणून अशा मांसात ते बहुधा घालतातच.

मर्यादांबद्दल एवढंच सांगते : प्राण्यांवर ज्या मात्रेचा परिणाम दिसत नाही तिला सहसा शंभराने भागून त्या ठरतात, आणि नवा पुरावा आला की बदलतात. प्रोपिलपॅराबेन हे प्रिझर्वेटिव्ह युरोपीय संघाने 2006 मध्ये अन्नातून काढून टाकलं; त्याआधी तेही परवानगीच्या यादीतच होतं.

आणि काही ठिकाणी बशी आणि शरीर यांत फारसं अंतरच उरत नाही. डोळ्यांच्या अनेक थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असतं. ते साबणासारखं काम करतं : अश्रूंवरचा स्निग्ध थर मोडतं, पेशींचं पटल सैल करतं. थेंब थेट कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशींवर पडतो, मध्ये यकृत नाही की पचन नाही. काचबिंदूच्या रुग्णांना असे थेंब वर्षानुवर्षं घालावे लागतात. त्यांच्यात डोळे कोरडे पडणं, चुरचुरणं आढळतं, आणि प्रयोगशाळेत याच पेशींची हानी आधीपासून दिसत होती. तुमच्या घरी कोणी असे थेंब घालत असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका, दृष्टी जाऊ शकते. प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब चालतील का, हे डॉक्टरांना विचारा; बऱ्याच औषधांचे तसे मिळतात.