आवाज मागे ओढू नका, चित्राचा उशीर कमी करा

धाकट्या भावाने काल मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, 'शनिवारी हेच करतोय.' शनिवारी एका सभेचा साउंड तो सांभाळणार आहे. हा मेसेज मी याआधी चार ग्रुपांवर पाहून सोडून दिला होता. आता सोडवत नाही. त्यात म्हटलंय: मोठ्या पडद्यावर वक्त्याचे ओठ आवाजाच्या मागे पडत असतील तर मिक्सरवर सगळा आवाज २०० मिलिसेकंद मागे ठेवा, लांब केबल काढून वायरलेस लावा आणि कॅमेरा ४के घ्या.

पहिला सल्ला घातक आहे. माणूस स्वतःचा आवाज ऐकत बोलतो. तोच आवाज स्पीकरमधून जरा उशिरा कानावर आला की जीभ अडखळते. बर्नार्ड ली या संशोधकाने १९५० मध्येच हे नोंदवलं होतं, आणि हा त्रास सर्वांत जास्त होतो तो २०० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे मेसेजवाल्याने नेमका सर्वांत वाईट आकडा उचललाय!

मी हे समोर घडताना पाहिलंय. एक निवृत्त शिक्षिका बोलायला उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य खणखणीत गेलं. दुसऱ्यात 'आपण' हा शब्द तीनदा आला. मग त्यांनी माइकपासून मान मागे घेतली आणि कागदावरचा एकेक शब्द सुटा करून वाचू लागल्या. लोकांना वाटलं, घाबरल्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "अहो, माझ्या मागून कुणीतरी तेच बोलत होतं." पुढच्या रांगांचे हाल वेगळेच. त्यांना आधी वक्त्याचा थेट आवाज, मग स्पीकरचा, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा.

आवाजाला डिले (मुद्दाम उशीर) लावणं मुळातच चूक, असं नाही, हे मान्य करावं लागेल. हॉलच्या मागच्या भागातल्या स्पीकरांना तो लावावाच लागतो, कारण आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. रेकॉर्डिंगच्या लाइनवर हवा तेवढा लावा, ती हॉलमध्ये कुणी ऐकत नाही. आणि स्टेजवरच्या स्पीकरपासून ३४ मीटरवर बसलेल्याला आवाजच १०० मिलिसेकंद उशिरा मिळतो, त्याच्यासाठी तेवढं मागे पडलेलं चित्र बरोबर जुळतं. प्रश्न पुढच्यांचा, त्यांच्यासाठी आवाज चित्राच्या पुढे धावतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या मागे असेल तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही, पण पुढे असेल तर ४५ लाच खटकायला लागतं.

केबलचं तर बोलूच नये. १०० मीटर केबलमधून सिग्नल जायला साधारण अर्धा मायक्रोसेकंद लागतो. उलट स्वस्तातले बरेच वायरलेस संच चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतात, त्यामुळे उशीर वाढतोच. ४के कॅमेरा घेतला आणि प्रोजेक्टर ४के नसेल, तर चित्र लहान करायचं एक काम वाढलं.

खरा उशीर होतो तो वाटेतलं यंत्र अख्खी फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) साठवून मगच पुढे सोडतं तिथे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. कॅमेरा, स्विचर (कॅमेरे बदलणारं यंत्र), स्केलर (चित्राचं रेझोल्यूशन बदलणारं यंत्र) आणि प्रोजेक्टर यांनी एकेक फ्रेम धरली की झाले १६०. सगळं ५० प्रोग्रेसिव्हवर, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमवर, आणलं तर तेच ८०. सगळीकडे एकच रेझोल्यूशन ठेवून स्केलर काढला की ६०. कॅमेरे आणि स्विचर जेनलॉक (सगळ्यांच्या फ्रेम एकाच ठेक्यावर ठेवणारा सिग्नल) घेत असतील तर स्विचरची फ्रेमही वाचू शकते. प्रोजेक्टर सरळ समोर लावून कीस्टोन (तिरकं चित्र सरळ करणारी सेटिंग) बंद करायचं, चित्र गुळगुळीत करणारी सेटिंगं बंद करायची, गेम मोड (उशीर कमी करणारी सेटिंग) असेल तर तो चालू. आणि व्हिडिओ कॉलवरून पडद्यावर चित्र आणायचं नाही, कधीच.

किती उशीर आहे तेही मोजता येतं. भावा, मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेव, स्टेज आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत घे, एकाला स्टेजवर टाळी वाजवायला सांग. खरे हात मिळाल्यापासून पडद्यावरचे हात मिळेपर्यंतच्या फ्रेम मोज. २४ आल्या तर १०० मिलिसेकंद. शनिवारी सकाळी हा आकडा मला फोनवर सांग, आणि तोवर मिक्सरवरच्या डिलेला हात लावू नकोस.